मिस्तरीचं मीटर

माझ्या अंगात दोन गुण लहानपणापासूनच होते. एक म्हणजे कुणाचीही नक्कल हुबेहूब करता येणं, आणि दुसरा म्हणजे जे घडलंच नाही ते घडलेल्यापेक्षा रंगवून सांगता येणं. या दोन गुणांवर मी पुढे लग्नकार्यांत, स्टाफरूममध्ये आणि बी.एस्सी.च्या वर्गांत पोटभर टाळ्या मिळवल्या. विद्यार्थी अजूनही म्हणतात, सर फिजिक्स शिकवत नाहीत, खेळ करून दाखवतात. म्हणू देत. त्यांना कुठे माहीत आहे की माझा सगळ्यात रंगलेला खेळ मी जिंतूरला, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दोनच प्रेक्षकांपुढे केला होता, आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

शेड म्हणजे दादांचं, माझ्या वडिलांचं, मोटार वाइंडिंगचं दुकान. मागे दोन खोल्यांचं घर. मधे भिंत होती, पण ती नुसती दिसायला. दुकानातला वार्निशचा वास सरळ चुलीपर्यंत यायचा आणि चुलीवरचा येसराच्या आमटीचा वास दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या पोटात भूक जागी करायचा. शेतकरी जळालेली मोटार बैलगाडीत घालून आणायचा, दादा ती उघडायचे, काळी पडलेली तार उपटून काढायचे आणि नवी तार भरायचे. मोटार भरणं असंच म्हणतात आमच्याकडे त्याला. तारेचे वेढे घालायचं हाताने फिरवायचं मशीन होतं, त्याची किरकिर मी आईच्या पोटात असताना ऐकली असणार. माय भाकरी थापून झाल्या की हात धुऊन लेदराईडचा गठ्ठा पुढ्यात घ्यायची. हा जाड तपकिरी कागद. मोटारीच्या प्रत्येक खाचेत आधी तो घालायचा आणि मग तार. माय तो कात्रीने कापून बोटाने अशी घडी मारायची की मशीनने मारावी. एकदा मी म्हणालो, "माय, आमटीला बी वार्निशचा वास यायलाय." ती म्हणाली, "मग येऊ दे की. मोटारीवानी टिकशील."

दादा आमच्या घराण्यातले पहिले शिकलेले. त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. दादा आयटीआय करून आले तेव्हा वस्तीतल्या बाया त्यांना बघायला आल्या होत्या म्हणे. पण दादांचं खरं शिक्षण त्या शेडमध्ये झालं. मोटार भरून झाली की त्यांची एक रीत होती. मोटारीचा आतला फिरणारा भाग बाजूला काढलेला, फक्त बाहेरचं पोकळ नळकांडं, ज्याला स्टेटर म्हणतात ते, आडवं ठेवलेलं. मध्ये हीटरच्या कॉइली जोडून वीज कमी केलेली. मग दादा बेअरिंगमधली एक पोलादी गोळी त्या पोकळीत सोडायचे आणि बटण दाबायचे. गोळी आतल्या आत गरगर धावायला लागायची. कुणी ढकललेलं नाही, काही हललेलं नाही, आणि गोळी मात्र कडेकडेने धावतेय. एखादी कॉइल उलटी बसली असली तर ती अडखळायची, एका जागी थरथरायची. गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघत राहायचं. दादा म्हणायचे, "आतला जोर फिरायलाय. लोखंड जागेवर हाय, तार जागेवर हाय, पर जोर फिरतो. गोळी त्याच्या मागं पळायली बिचारी." आणि एकदा माझ्याकडे वळून, गिऱ्हाईक गेल्यावर, हळूच म्हणाले, "त्या जोरावर एखादी मुंगी बसली ना मिलिंद, तर तिला वाटंल जोर गप उभा हाय आन् आपलं दुकानच फिरायलंय." मी आज पंचवीस वर्षं हा विषय शिकवतोय. फिरत्या चौकटीतून जगाकडे बघणं याची एवढी सोपी सुरुवात मला अजून कोणत्या पुस्तकात सापडलेली नाही.

मी परभणीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेलो, खोली करून राहिलो आणि दर शनिवारी दुपारच्या एसटीने घरी यायला लागलो, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. एका शनिवारी आलो तर दादांनी मला हातपाय धुऊ न देताच मशीनपाशी ओढलं. वेढे घालायच्या मशीनच्या दांड्यावर त्यांनी तांब्याच्या फुटक्या हंड्याचं बूड कापून केलेली गोल तबकडी बसवली होती. तबकडीला खेटून लाकडी घोड्यावर जळक्या लाऊडस्पीकरातलं गोल चुंबक धरलेलं. तारांचा एक झुपका तबकडीच्या कडेला घासत होता, दुसरा दांड्याला, आणि दोन्ही तारा त्यांच्या लाडक्या मीटरला जोडलेल्या. हे मीटर म्हणजे एका शाळेच्या प्रयोगशाळेतून भंगारात निघालेलं गॅल्व्हानोमीटर; मधोमध शून्य, काटा डावीउजवीकडे डुलणारा. कॉइलचं सुरुवातीचं टोक कुठलं आणि शेवटचं कुठलं, हे दादा बॅटरीचा सेल लावून त्याच्यावर तपासायचे; हे मीटर आल्यापासून गोळी नुसती गिऱ्हाइकाला गंमत दाखवायला उरली होती.

"बग," म्हणाले आणि हँडल फिरवलं. तबकडी फिरली, काटा हलला. त्यात नवल नव्हतं. मग त्यांनी तबकडी धरून ठेवली आणि नुसतं चुंबक फिरवलं. काटा ढिम्म. आणि मग त्यांनी चुंबक तबकडीला वार्निश पाजलेल्या सुती दोऱ्याने करकचून बांधलं आणि दोन्ही एकत्र फिरवली. काटा हलला. मघाशी हलला होता तेवढाच.

"दोघं बिलगून फिरायलेत," दादा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे असे चमकत होते की मायने आतून विचारलं, काय झालं म्हणून. "चुंबकाच्या हिशेबानं तबकडी हालतच न्हाई. मग काटा कामून हालतो? आता मी काय म्हणतो ते ध्यानात धर. स्टेटर जागेवर राहतो आन् जोर फिरतो, हे मी रोज बघतो. मग चुंबक फिरून जोर जागेवर राहत असंल का? चुंबक फिरलं तर त्याचा जोर त्याच्या संगं फिरतो, का जागेवरच उभा राहतो? एवढंच तुझ्या फिजिक्सच्या कदम सरांना इचार. लय दिवसांपासून डोस्क्यात हाय. मला काय बाकीचं कळत न्हाई, पर एवढं कळल्याबिगर मरायचं न्हाई बग मला."

शेवटचं वाक्य ते हसत म्हणाले. पण मी त्यांचा मुलगा. कोणतं हसणं कशावर टाकलेलं पांघरूण आहे हे मला कळत होतं.

मी नाही विचारलं. सोमवारी कदम सर वर्गात आले, शिकवून गेले, मी गप्प. कारण साधं होतं. आमच्या पुस्तकात छापलेलं होतं की वाहक आणि चुंबक यांच्यात सापेक्ष गती असेल तरच वीज निर्माण होते. दोघं एकत्र फिरत असतील तर गती कुठली? म्हणजे दादा चुकीचे. आणि असला चुकीचा प्रश्न विचारून मी, वर्गाला हसवणारा मी, स्वतः हसं का करून घेऊ? आमचे दादा मोटारी भरतात हे वर्गाला माहीत होतं. गोळीचा खेळ मी हातवारे करून इतक्यांदा सांगितला होता की पोरं मला "गोळीवाला" म्हणायची. दादांचा खेळ सांगायला मला लाज नव्हती. दादांचा प्रश्न विचारायला मात्र होती.

पुढच्या शनिवारी दादा स्टँडवरच उभे. "इचारलं का?" मी म्हणालो, "सर रजेवर होते. त्यांची म्हैस व्याली." कदम सर चुडाव्याचे, रोज रेल्वेने परभणीला ये-जा करायचे, घरी शेती, त्यामुळे म्हैस शोभून दिसली. माय म्हणाली, "पारडी का रेडा?" मी म्हणालो, "पारडी," आणि तिला बरं वाटलं. त्याच्या पुढच्या शनिवारी चुडाव्याची गाडी सिग्नलला दोन तास उभी राहिली. ती कशी उभी राहिली, एका म्हाताऱ्याने खाली उतरून ड्रायव्हरला काय शिव्या दिल्या, हे सगळं मी अभिनयासह सादर केलं. तिसऱ्या शनिवारी सरांचा घसा बसला. तो सगळा प्रसंग मी कुजबुजत्या आवाजात सांगितला आणि दादासुद्धा नकळत कुजबुजत विचारायला लागले. मायने निघताना सरांसाठी ज्येष्ठमधाची पुडी दिली. "रातच्याला तोंडात धरायला सांग, बिचाऱ्याला शिकवायचं असतंय." परतीच्या एसटीत, वाटेतलं बोरी गाव येईपर्यंत, मी ती चघळून संपवली. गोड होती.

चौथ्या शनिवारी माझ्याकडे नवीन काही शिल्लक नव्हतं. आणि खरं सांगू? मला कंटाळा आला होता. गोष्ट फार लांबली होती, तिला शेवट हवा होता. मी शेडच्या मधोमध उभा राहिलो, खांदे थोडे वर घेतले, नसलेला चष्मा काढून नसलेल्या रुमालाने पुसला, आणि कदम सरांच्या नाकातून येणाऱ्या आवाजात सुरू केलं, "हं… तर. मिलिंद. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांची जिज्ञासा वाखाणण्यासारखी आहे. पण काटा हलतो तो तबकडीमुळे नाही. हं. मीटर खराब आहे. जुनं मीटर असं फसवतं." माय पदर तोंडाला लावून हसत होती. दादाही हसले, सर असेच चष्मा पुसत असतील म्हणाले. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी मीटर उचललं, उलटं केलं, कानाशी धरलं.

"मीटर खराब हाय म्हणले?"

"हो."

"सोताहून म्हणले?"

"हो की."

त्यांनी मीटर सुलटं करून खाली ठेवलं. मग म्हणाले, "पोळ्यापासून सगळ्या मोटारी मी ह्याच्यावरच तपासल्या की रं."

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. भूक लागली होती. मी आत जाऊन धपाटे खाल्ले.

अर्थ रविवारी सकाळी कळला. दादांनी ओळखीच्या एका वायरमनकडून दुसरं मीटर मागून आणलं होतं, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवली होती. "चल, कॅरेजवर बस. पाने-पकड धरायला कुणीतरी पायजे." कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाले, "खराब मीटरवर तपासून दिलेल्या मोटारी हायेत. लोकाच्या हिरीत बसल्यात त्या. एखादी कॉइल उलटी गेली असंल तर आज ना उद्या जळंल. आपल्याला ठाऊक झाल्यावर गप कसं बसायचं?"

एकोणीस मोटारी होत्या. दादांना सगळ्या तोंडपाठ. तीन रविवार आम्ही त्या मोटारींच्या मागे हिंडलो. चारठाण्याच्या रस्त्याला भुजंगरावांची विहीर पहिली. गव्हाला पाणी चालू होतं, मोटार मजेत चालत होती, आणि दादा जाऊन म्हणाले की ती बंद करा, मला तपासायचीय.

भुजंगराव मोठे कास्तकार, जिभेला धार. "काय हो मिस्तरी, धडधाकट मोटारीच्या पोटात हात घालायलाव व्हय? मोजून चार तास लाईट हाय आमाला!"

"माझं मीटर खराब निघालं, भुजंगराव. माझी चूक हाय. एक घंटा द्या."

"मीटर खराब? आन् हे आता कळायलंय तुमाला? मग आमी तुमच्याकडं मोटार टाकली का देवाच्या भरवशावर टाकली?"

बांधावरचे चारजण हसले. दादा चप्पल काढून विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले. मी वर उभा. तोंडापर्यंत आलं होतं. 'दादा, वर या, मीटर चांगलं आहे, सरांना मी विचारलंच नाही.' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात भुजंगरावांनी माझ्या हातात गरम हुरड्याची मूठ ठेवली. "खा रे कालेजवाले, तुझा बाप काय आता लवकर वर येत न्हाई." आणि मी खाल्ला. तीळ-मिठाची चटणी होती सोबत. खोटं बोलताना माझ्या अंगी एवढी कला, आणि खरं बोलायच्या वेळी माझं तोंड हुरड्याने भरलेलं. आज कुणी हुरडा पार्टीला बोलावलं तर मी पित्ताचं कारण सांगतो. म्हणजे बघा, अजून खोटंच सांगतो.

एकोणीसच्या एकोणीस मोटारी बरोबर निघाल्या. तिसऱ्या रविवारी परत येताना चढावर दादा सायकलवरून उतरले, हातात धरून चालायला लागले आणि म्हणाले, "सगळ्याच बरोबर निघाल्या. मीटर खराब असतं तर एखादी तरी उलटी निघायला पायजे होती. सरांना हे बी इचार बरं." मी म्हणालो, "इचारतो." माझा आवाज अगदी सहज होता. तो सहजपणा मला आजही ऐकू येतो आणि त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

गावात मात्र गोष्ट माझ्याहून वेगाने पसरली. स्टँडवरच्या हॉटेलातलं घड्याळ मागे पडलं की कुणीतरी म्हणायचं, "हे काय घड्याळ हाय का मिस्तरीचं मीटर?" पोरं पतंगाच्या खेळात एकमेकांना म्हणायची. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जायला लागली. दादा भरलेली प्रत्येक मोटार आता गोळी सोडून दोनदा तपासायचे, तरी त्यांची बोटं बटणावर घुटमळायची. तबकडी, चुंबक आणि मीटर फडक्यात बांधून फळीवर गेलं होतं.

आणि एका शनिवारी दुपारी शेडच्या दारात कदम सर उभे राहिले.

खुद्द. चष्म्यासकट. जिंतूरच्या कॉलेजात बारावीच्या प्रॅक्टिकलला ते बाहेरचे परीक्षक म्हणून आले होते, काम लवकर संपलं होतं, आणि वर्गात मी सांगितलेला गोळीचा खेळ त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. म्हणजे माझ्याच कलेने त्यांना ओढून आणलं होतं. "मिलिंद गोष्टी फार रंगवून सांगतो," ते दादांना म्हणाले, "म्हटलं खरं किती आहे बघावं."

माय आत चहाला पळाली. दादांनी खुर्ची पुसली, सर बसले, आणि मी काही करायच्या आत दादा हात जोडून म्हणाले, "सर, तुमी सांगितलेलं मी लगेच मनावर घेतलं बगा. सगळ्या मोटारी पुन्यांदा तपासल्या. माझं मीटर खराब होतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं आलं."

"कोणतं मीटर?" सर म्हणाले. "मी कधी सांगितलं?"

चहाचे ग्लास घेऊन मी उंबऱ्यात उभा होतो. दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी रागाने बघितलं असतं तर फार बरं झालं असतं. जळालेली मोटार उघडल्यावर नेमकी कोणत्या खाचेत जळाली हे ते ज्या नजरेने शोधायचे, त्या नजरेने बघितलं. शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. मग सरांकडे वळून म्हणाले, "न्हाई, न्हाई. माझंच डोस्कं चालंना गेलंय सर. दुसऱ्या कुणीतरी म्हणलं असंल. चहा घ्या."

सरांनी माझ्याकडे एकदा, दादांकडे एकदा बघितलं. ते शिक्षक होते. चेहरे वाचायचा त्यांचा धंदा. पण दादांनी झाकलेलं त्यांनी उघडलं नाही. गोळी बघून झाली. सर लहान मुलासारखे वाकून बघत होते. आणि मग दादांनी फळीवरून फडकं काढलं, मशीनवर तबकडी चढवली, आणि जो प्रश्न पाठवायला त्यांना मी सापडलो होतो, तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने विचारला. "चुंबक फिरलं तर त्याचा जोर संगं फिरतो, का जागेवर राहतो?"

"मिलिंदला का नाही विचारायला सांगितलं?" सर म्हणाले.

"लेकराला अभ्यास असतोय," दादा म्हणाले.

सरांनी स्वतः हँडल फिरवलं. काटा हलला. तारा अदलाबदल करून बघितल्या, काटा उलटा गेला. मीटर हलवलं, दूर नेलं, खाली ठेवलं. हँडल उलटं फिरवलं. मग चष्मा काढून पुसला. माझी नक्कल अचूक होती हे मला त्या अवस्थेतही जाणवलं. "मिस्तरी," ते म्हणाले, "मीटर तुमचं उत्तम आहे. पण हे असं का होतं, मला आत्ता सांगता येणार नाही. वाचून येतो."

'सांगता येणार नाही' ऐकून दादांचा चेहरा असा फुलला, की मी चार शनिवार रचलेल्या गोष्टींपैकी एकीनेही तो तसा फुलला नव्हता.

सर उन्हाळ्याच्या सुट्टीत खरंच पुन्हा आले. शेडच्या जमिनीवर खडूने तबकडी काढली आणि सांगितलं, की जोराच्या रेषा म्हणजे चुंबकाला चिकटलेले केस नव्हेत, ते आपण काढलेलं चित्र आहे. चुंबक गोल आहे, ते स्वतःभोवती कितीही फिरलं तरी आजूबाजूच्या कुठल्याच जागी जोर बदलत नाही. म्हणून त्याच्या फिरण्याला किंमत नाही. तबकडीतले विजेचे कण मात्र त्या जोरातून आडवे धावतात, म्हणून कडेकडे ढकलले जातात, आणि काटा हलतो. दादांनी मान हलवली. मग विचारलं, "हे झालं जमिनीवरून, सर. पर तबकडीवर मुंगी बसली तर? तिला तबकडी बी उभी, चुंबक बी उभं. तिनं काय समजायचं?" सर हसले आणि म्हणाले, "त्या मुंगीचं मला नीट माहीत नाही हो, मिस्तरी. फिरती चौकट फार अवघड असते." मी हे सगळं बाहेरून, एका गिऱ्हाइकाची मोटार उतरवून घेताना ऐकलं. मला कुणी आत बोलावलं नव्हतं.

गावातली थट्टा दादांना एका दिवसात थांबवता आली असती. भुजंगरावांकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की मीटर चांगलं होतं, पोरगं खोटं बोललं. ते कधीच म्हणाले नाहीत. 'मिस्तरीचं मीटर' जिंतूरच्या तोंडी कितीतरी वर्षं राहिलं आणि दादा ते ऐकत स्टँडवरून चालत गेले. मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. मी दोनदा विषय काढायला गेलो. एकदा म्हणाले, "ती पकड दे." दुसऱ्यांदा म्हणाले, "जेवून घे." जेवायला वाढताना, सायकल देताना, परीक्षेला निघताना सगळं पूर्वीसारखंच होतं. फक्त शनिवारी स्टँडवर ते उभे राहीनासे झाले, आणि सरांना काही विचारायचं असलं की स्वतः पोस्टकार्ड लिहायला लागले.

मी एम.एस्सी. केलं. दुसऱ्या वर्षी एका दुपारी ग्रंथालयात ती मुंगी मला सापडली. अक्षरशः धावत मी एसटी गाठली. दादा तोवर थकले होते, शेडमध्ये बाजेवर बसून होते. न विचारताच मी सुरू केलं. या वेळी नक्कल नाही, अभिनय नाही, हातवारेसुद्धा नाहीत. म्हणालो, "दादा, विद्युत आणि चुंबकीय हे दोन जोर वेगळे नाहीतच. कुठून बघता त्यावर कोणता किती दिसतो ते ठरतं. जमिनीवर उभ्या माणसाला जिथे नुसता चुंबकाचा जोर दिसतो, तिथे फिरत्या मुंगीला चुंबकाचा जोर तेवढाच दिसतो, पण त्याच्या सोबत विजेचाही एक जोर दिसतो, मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत जाणारा. तिच्या दृष्टीने तोच कणांना ढकलतो. आणि तिला आपलं मीटर आणि तारा उलट्या दिशेने फिरताना दिसतात, तोही हिशेब तिला धरावा लागतो. गंमत म्हणजे तिला तिथे विजेचा भारही पसरल्यासारखा दिसेल, जो जमिनीवरून शोधला तर सापडणार नाही. पण काटा किती हलणार, हे विचारलं तर तुमचं आणि मुंगीचं उत्तर एकच येतं."

दादांनी सगळं ऐकलं. मधे एकदा "कडेकडं?" म्हणून विचारलं, मी हो म्हणालो. त्यांनी डोळे मिटून हवेत बोटाने एक गोल काढला, त्यावर मुंगी बसवली असावी. मायनेही कागद कापायचा थांबवला होता. मी वाट बघत होतो. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापुढे मी एक पूर्ण खरी गोष्ट सांगितली होती.

"चांगलं सांगितलंस," दादा म्हणाले. गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा आवाज होता, मऊ आणि अदबीचा. मग बाजेखालची चप्पल पायाने ओढत म्हणाले, "रविवारी चुडाव्याला जाऊन येतो. सरांना बी इचारून बघतो एकदा."